अंगठ्याएवढी कड

माझी भाची याला बोल्डरिंग म्हणते. दोर नाही, खिळे नाहीत, दोन पुरुष उंचीचा दगड आणि आपले हातपाय, बस. आम्ही नागपुरात हे करायचो तेव्हा त्याला नावच नव्हतं. रविवारी सकाळी मी कॅनव्हासचे बूट घालायला लागले की आई म्हणायची, "चालली पोट्टी दगडं खायला." आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बाहेर मोटारसायकलला लाथा मारत उभा असायचा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. नोकरी मिळाली होती वडिलांच्या जागेवर. वडील अचानक गेले आणि काही महिन्यांत त्यांच्याच खात्यानं मला कानाला हेडफोन लावून बसवलं. तिथल्या बायका वाईट नव्हत्या. पण नवीन कोणी आलं की माझी ओळख करून देताना हमखास म्हणायच्या, "ही वडिलांच्या जागेवर आली." पहिलं वर्ष मी ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी एकीशी असं कडाकडा भांडले की सुपरवायझरबाईंना बोर्ड सोडून मध्ये यावं लागलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आजही. पण खरं दुखणं हे होतं की त्या खोटं बोलत नव्हत्या. हे माझं, मी मिळवलेलं, असं बोट ठेवून दाखवण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं.

दगडावर चढायचं वेड कॉलेजातल्या एका शिबिरात लागलं होतं. दहा दिवस दोर बांधून कडे चढायला शिकवलं आणि घरी पाठवून दिलं. नागपूरला आल्यावर कडे कुठून आणायचे? दादा हिंगण्याला कारखान्यात होता. कंपनीच्या बसमधून येता-जाता त्याला रस्त्यापासून आत एक बंद पडलेली खदान दिसली. एका रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. तळाशी लहानमोठे काळे दगड पडलेले होते आणि सगळ्यांच्या मधोमध एक, आमच्या स्वयंपाकघराएवढा. त्याची एक बाजू अगदी सरळ उभी होती.

दादा म्हणाला, "हा नाही होत बाप्पा आपल्याच्यानं."

बस, तेवढं पुरे होतं मला.

आम्ही लकडगंजात राहायचो. गल्लीच्या तोंडाशी आरा मशीन होती, तिथं लाकडाचा भुसा हवा तेवढा मिळायचा. तो पोत्यांत भरून दादानं मोटारसायकलवरून खेपा केल्या आणि दगडाखाली चार पोती अंथरली. त्या पोत्यांवर मी किती वेळा आदळले याचा हिशेब नाही. सोमवारी ड्यूटीवर बसले की केसांतून भुसा गळायचा आणि शेजारची विचारायची, "काय वं, सुताराच्या घरी होती का काल?"

वर्षभरात बारके दगड सगळे झाले. मोठ्याच्या समोर मात्र गाडी एकाच ठिकाणी अडायची. डोक्याच्या वर दोन्ही हातांना चांगली खाच होती. तिथून पुढं उजवा पाय मांडीएवढा उचलून एका कडेवर ठेवायचा आणि त्या पायावर उभं राहायचं. ती कड जेमतेम अंगठ्याएवढी. तिच्यावर उभं राहता आलं की वरचा काठ हातात. पण पाय ठेवला की सटकायचा. दर रविवारी, दहा-दहा वेळा. हाताला घाम येऊ नये म्हणून दादा गल्लीतल्या मंडळाची कॅरमची पावडर आणायचा. ती आम्ही हातांना चोपडायचो, मग बुटांनाही लावायला लागलो. काही फरक पडेना. चिडून मी एकदा दगडाला लाथ मारली. आठ दिवस लंगडत ऑफिसला गेले.

एकदा दादानं मी वर असताना हळूच माझ्या बुटाखाली तळहात लावला. पाय सटकला नाही, शरीर वर गेलं, काठ बोटांना लागलासुद्धा! खाली बघितलं तर हा गालात हसतोय. मी तिथूनच उडी मारली आणि त्याला इतकं बोलले, इतकं बोलले की तो बिचारा म्हणाला, "अवं, मदत केली ना मी!" तीच तर नको होती मला.

दिवाळीनंतर खदानीच्या चौकीदारानं सांगितलं, "संक्रांतीनंतर खदान चालू होऊन राहिली. पहिले हा दगड फोडतील, ट्रकच्या रस्त्यात येते." संक्रांतीपर्यंत मोजून आठ रविवार होते.

त्याच आठवड्यात गल्लीत हाक आली, "पाट्याले टाकीऽऽ!" तेव्हा मिक्सर कोणाकडे होता? वाटण पाट्यावर. पाटा वापरून गुळगुळीत झाला की टाकीवाली यायची, छिन्नी-हातोडीनं त्यावर बारीक टिचे मारून तो पुन्हा खरखरीत करून द्यायची. आमची टाकीवाली वर्षानुवर्षं तीच होती, पन्नाशीची, काटक, पायांत चप्पल कधी नाही. मी तिला मावशी म्हणायचे. ती अंगणात बसून आमच्या पाट्यावर टाकी मारत होती, टिच टिच टिच, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती कडही घासून गुळगुळीतच झाली असणार! तिला टाकी लावली की झालं!

"मावशी, एका दगडाला टाकी लावून द्याल का? पण तो इथं आणता येत नाही."

ती हसली. तिची वस्ती हिंगण्याच्याच वाटेवर, खदानीच्या पलीकडे होती. "येईन रविवारी," म्हणाली.

आली. पदर खोचून दगडाभोवती एक फेरी मारली, मुठीनं दोन ठिकाणी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाली, "चांगला आहे दगड." मी कड दाखवली. तिनं तिच्यावर बोट फिरवलं, मग बोट नाकाशी नेलं.

"हे काय फासलं वं?"

"कॅरमची पावडर."

"ते कायच्यासाठी असते?"

दादा म्हणाला, "सोंगट्या सटकाव्या म्हणून," आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. वर्षभर आम्ही दोघं शिकलेली माणसं सटकायची पावडर पायाखाली फासून, पाय का सटकतो म्हणून दगडाला शिव्या देत होतो!

हसू आलं, पण माझा हट्ट काही सुटला नाही. "ते राहू द्या मावशी, टाकी लावा तुम्ही. चार टिचे मारा फक्त."

"नाही लावत."

"का?"

"दगडाले काही नाही झालं."

माझं डोकं सणकलं. "दगड काय तुमच्या घरचा आहे का? मग आलात कशाला?"

ती रागावली नाही. छिन्नी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "लावीन वं. काय लागते? आत्ता लावतो अन् आत्ता चढशील तू. मंग घरी जाऊन काय सांगशील? मी चढली, का टाकीवालीनं चढवली?"

तिला एक्स्चेंजमधलं काही माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नव्हतं. पण मी भुशाच्या पोत्यावर बसले आणि भोकाड पसरलं. दादा घाबरून पाणी आणायला पळाला. मावशी शेजारी बसून राहिली. मी थांबल्यावर तिनं पोत्याचा एक तुकडा फाडला, दादानं आणलेलं पाणी घेतलं आणि पाटा धुवावा तशी ती कड खसाखसा घासून काढली.

"आता चढ. पाहू दे मले."

चढले. या वेळी पाय सटकला नाही, पण त्यावर उभंही राहता येईना. खाली पडले.

"बुड मागं काहून टाकून राहिली? दगड काय चावते तुले?" ती म्हणाली. "चटणी कशी वाटते तू?"

"कशी म्हणजे? हातानं."

"हट्! हातानं वाटशील तर दोन दिवसांत खांदे जातील. जोर हातात नसते, कमरात असते. कंबर पुढं गेली का वरवंटा आपल्या मनानं जाते. तसंच कर. कंबर दगडाजवळ घे, पायाच्या वर आण, मंग ऊठ."

दहा दिवसांच्या शिबिरात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, पण माझ्या डोक्यात शिरलं ते त्या दिवशी.

त्या दिवसापासून घरची चटणी मी वाटायला लागले. रोज, ड्यूटीवर जायच्या आधी, एक गुडघा उभा करून पाट्यासमोर बसायचं आणि कंबर पुढं, कंबर मागं. आईला वाटलं, पोरगी एकदाची संसाराकडे वळली. तिनं मावशीआत्यांना सांगून टाकलं आणि त्या महिन्यात दोन स्थळं आली. मी दोघांनाही चटणी वाढली आणि नकार दिला. आई आठवडाभर बोलली नाही.

रविवारी खदान. आठांतल्या दुसऱ्या रविवारी कंबर जवळ आली. तिसऱ्या रविवारी कडेवरच्या पायावर अर्धी उठले. मग थंडी पडली, दगड गार झाला, हातांचा घामच गेला. सहाव्या रविवारी वरच्या काठाला बोटं लागली आणि सुटली. सातव्याला मला ताप होता, दादानं गाडीच काढली नाही. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडले, कारण आता एकच उरला होता.

शेवटच्या रविवारी मावशी आपणहून आली. दादाला मी हात पाठीमागं बांधून उभं राहायला सांगितलं, आणि तो खरंच तसा उभा राहिला. पहिल्या खेपेला पडले. दुसऱ्या खेपेला घाई केली, पडले. मग मावशी म्हणाली, "जरा बस." बसले, श्वास घेतला. तिसऱ्या खेपेला खाचेत दोन्ही हात, उजवा पाय कडेवर, कंबर दगडाला चिकटली, आणि मी उठले. ओढून नाही, उठले. काठ हातात आला. पोटावर सरपटत वर गेले आणि उभी राहिले.

वरून काय दिसलं? खदानीचं पाणी, दोन शेळ्या, लांबवर कारखान्याची चिमणी. मी आनंदानं किंचाळले, दादा खाली नाचला आणि भुशाच्या पोत्याला अडखळून पडला. मावशी म्हणाली, "उतर आता. तीळ निवडायचे आहेत मले."

संक्रांत झाली आणि दगड फुटला. मी बघायला गेले नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

होळीच्या आधी गल्लीत तीच हाक आली. मी बाहेर आले तर मावशीच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर एक नवाकोरा पाटा. तिनं तो ओट्यावर उतरवला. काळाभोर, छान टाकी मारलेला, तीन बाजू सुबक घडवलेल्या. चौथी बाजू तशीच, ओबडधोबड. त्या बाजूला अंगठ्याएवढी एक कड होती.

"आमच्याच वस्तीतल्या माणसांनी फोडला तुझा दगड. मी म्हटलं, येवढा तुकडा द्या मले," ती म्हणाली. "तीन बाजू घडवल्या. ह्या बाजूले मी छिन्नी नाही लावली. ते तुझं आहे."

मी तिच्या पाया पडायला वाकले तर म्हणाली, "आधी तांदूळ वाटून फेक, कच निघून जाईल. मंग चटणी कर. भूक लागली मले." तांदूळ वाटून फेकले, पाटा धुतला, जवसाची चटणी वाटली. वाटताना ती माझ्या कमरेकडेच बघत होती. भाकरीबरोबर चटणी खाऊन झाल्यावर बोटं चाटत म्हणाली, "आता आली तुले."

तिचे उपकार मी कसे फेडणार? तिनं माझ्यासाठी जे केलं त्यातलं मोठं म्हणजे जे केलं नाही ते. आजही पाटा धुताना माझा अंगठा त्या कडेवर जाऊन थांबतो आणि मी मनातल्या मनात तिला नमस्कार करते.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये एक नवी मुलगी रुजू झाली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची ओळख झाली, माझी पाळी आली, आणि नेहमीची बाई नेहमीचंच बोलली. सगळ्यांनी आपापले डबे जवळ ओढले, आता ही उसळणार म्हणून.

"हो, वडिलांच्याच जागेवर आले," मी म्हटलं आणि डबा त्या मुलीपुढे सरकवला. "चटणी घे. ही मी वाटली आहे."