मोत्याचा वाघ्या झाला

आमच्या ओळखीत कोणी कुत्रा पाळायला घेतला की नाव विचारायला माझ्याकडे येतात. माझ्या याद्या करण्याच्या सवयीची एरवी सगळे थट्टा करतात, पण अशा वेळी त्या सवयीचाच उपयोग होतो. नर असेल तर मी सरळ सांगते, जुनं नाव ठेवा. जुनी नावं आखूड असतात, एकदा ऐकली की शेजाऱ्यांच्याही तोंडी बसतात, आणि पिल्लाचा दांडगा कुत्रा झाला तरी पोरकट वाटत नाहीत. नाव पक्कं करण्याआधी मात्र घरातल्या प्रत्येकाला विचारा, आणि जे माणूस काहीच बोलत नाही त्याला दोनदा विचारा. हे दुसरं मी आमच्या वहिनीमुळे शिकले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. ठाण्यात खोपटला आम्ही एका बैठ्या चाळीत राहत होतो. बाबा कोर्टात कारकून, दादा कल्याणला नोकरीला, आई, मी बारा वर्षांची, आणि त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली वहिनी. चाळीचे मालक तिथलेच, पिढ्यान् पिढ्यांचे. भातशेती आणि खाडीकडे मिठागर असलेले. चाळीच्या पाठीला त्यांचं भाताचं शेत होतं आणि पावसाळ्यात तिथली जनावरं आमच्या न्हाणीपर्यंत येत. एकदा मोरीच्या तोंडाशी आईला नाग दिसला आणि बाबांनी कुत्रा पाळायचं ठरवलं. मालकीणबाईंच्या माहेरी, कोलशेतला, कुत्री व्यायली होती. त्यातलं एक तांबूस पिल्लू त्यांनी श्रावणात आम्हांला आणून दिलं.

बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, दारातल्या उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "मोत्या."

आम्ही मूळचे देशावरचे. बाबांच्या लहानपणी त्यांच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. त्यामुळे चर्चा झालीच नाही. मलाही नाव आवडलं.

पुढचे काही दिवस माझ्या लक्षात येत राहिलं की पिल्लाला खायला घालते वहिनी, पण त्याला बोलावताना ती नुसती "यू यू" करते. यू यू केलं की रस्त्यावरचं कुठलंही कुत्रं येतं. शेवटी मागच्या दारी मी तिला म्हटलं, "वहिनी, मोत्या म्हण ना त्याला. नाहीतर त्याला नाव कसं कळणार?"

"कळेल हो, वन्सं." मी तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून ती मला अहोजाहो करी.

"मग म्हण की."

तिने भाकरीचा तुकडा दुधात कुस्करला, ताटली पिल्लापुढे सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या वडलांना गावात मोत्या म्हणतात."

मला हसू आलं. ती हसली नाही तेव्हा माझंही थांबलं. लहानपणी तिच्या वडलांच्या कानात मोत्याची भिकबाळी होती. तेव्हापासून ते कोकणातल्या त्या अख्ख्या गावाचे मोत्या. लग्नाच्या पत्रिकेवर, आहेरावर, पत्रांत सगळीकडे त्यांचं कागदोपत्री नाव होतं, म्हणून आमच्या घरी कोणाला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. बाबा कोर्टातून आले. "मोत्या, हाड." "मोत्या, चपलेला तोंड लावलंस तर पाठीत काठी बसेल." "मोत्या, हो बाहेर." आत वहिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाबांना सांग."

"काय सांगू? तुम्ही कुत्र्याला माझ्या वडलांचं नाव ठेवलंत म्हणून? मामंजी माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत."

ते खरं होतं. राग नव्हता, रीत होती. बाबांना तिला काही सांगायचं असलं की ते आईला म्हणत, "तिला म्हणावं, पाणी दे." ती चार हातांवर उभी असली तरी.

"मग दादाला सांग."

"ते पोट धरून हसतील आणि मामंजींना सांगून मोकळे होतील. मग मामंजी माझ्या वडलांना माफीचं पत्र लिहितील. दोघंही जन्मभर एकमेकांसमोर अवघडून बसतील." ती पुढे म्हणाली, "आणि दिवाळसणाला मला न्यायला ते इथेच यायचे आहेत, वन्सं. दारात पाऊल ठेवतील आणि आतून मामंजी ओरडतील."

ते चित्र माझ्याही डोळ्यांपुढे उभं राहिलं. वहिनीने मात्र रडारड केली नाही. तिने विचार केला, आणि तो मला इतका आवडला की आजही कुठलं काम अडलं की मी तिच्यासारखं एकेक बाजूने जाऊन बघते. मामंजींना जुनंच नाव चालेल, टायगर-टॉमी त्यांच्या गळी उतरणार नाही. राजा नको, कारण शेजारच्या खोलीतल्या मुलाला राजा म्हणतात. खंड्या नको, कारण आमचं कुलदैवत खंडोबा. पण खंडोबाच्या दारी कुत्र्याला मान, आणि त्याच्या भक्तांना वाघ्या म्हणतात. वाघ्या हे नाव मामंजींना स्वतःलाच कधीतरी सुचेल.

"तू बाबांना सुचवणार?" मी विचारलं.

"छे. आपण काहीच सुचवायचं नाही. आपण फक्त त्याची तयारी करून ठेवायची."

मागच्या दारी, बाबा आणि दादा घरात नसताना, ताटली खाली ठेवण्याआधी ती एकदाच, हळू म्हणायची, "वाघ्या." दोनदा नाही. आणि त्या नावाने कधीही दटावायचं नाही, हा तिचा नियम. दटावायला "हाड" पुरेसं आहे. बाबा मोत्या म्हणत ते बहुधा काठी हातात घेऊनच. त्यामुळे पिल्लाने त्याच्यापुरता निकाल फार लवकर लावला. मोत्या म्हटलं की खाटेखाली, वाघ्या म्हटलं की ताटलीशी. बाबांनी ठेवलेलं नाव पुसायला वहिनीने बोट लावलं नाही. ते आपोआप पुसलं जात होतं.

नवरात्र उरकल्यावरच्या एका रविवारी प्रकरण उघड्यावर आलं. मालकीणबाई भाड्यासाठी येऊन दारात टेकल्या होत्या. त्यांना पिल्लू केवढं झालं ते दाखवायला बाबांनी हाक मारली, "मोत्या." खाटेखालून एक शेपटी दिसत होती, ती हलली नाही. पुन्हा हाक, पुन्हा तेच.

"बहिरं आहे हे," बाबा म्हणाले.

"बाबा, तिसऱ्यांदा पुकारा," दादा म्हणाला. "मग गैरहजर म्हणून लिहा आणि पुढची तारीख द्या."

मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "त्याला यो नाव लागला नाय. बदलून टाका. कुत्र्याच्या बारशाला काय खर्च हाय?"

"टायगर ठेवू या," दादा म्हणाला.

"साहेब गेले आणि नावं आमच्या कुत्र्यांना ठेवून गेले, असं नको. कोलशेतचा कुत्रा आहे तो," बाबा म्हणाले.

"मग राजा," आई म्हणाली.

"आणि शेजारचा राजा धावत आला की त्यालाही भाकरी घाल," दादा म्हणाला.

मी ओठ मिटून बसले होते. आत पोळपाटावरचं लाटणं थांबलं होतं. बाबांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खंडोबाचं घर आपलं. वाघ्या म्हणू या. वाघ्या."

पिल्लू खाटेखालून सुटलं ते थेट स्वयंपाकघरात गेलं.

"बघा," बाबा म्हणाले, "पहिल्या हाकेला उठला."

"उठला, पण गेला दुसरीकडेच," दादा म्हणाला.

बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. नाव त्यांनी ठेवलं होतं, दैवताला धरून ठेवलं होतं आणि ते लागलंही होतं. ते इतके खूश होते की त्या दिवसापासून काठी कोपऱ्यात गेली. वहिनी रात्रीच्या जेवणात भाकरी वाढताना नेहमीसारखीच खाली बघत होती, पण त्या दिवशी तिने मला विचारल्याशिवाय दोनदा तूप वाढलं.

दिवाळीच्या आधी तिचे वडील आले. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरून, नारळ, कोकमं आणि पोह्यांची पिशवी घेऊन. उंच, सावळे, मोकळ्या आवाजाचे गृहस्थ. कुत्रा भुंकत पुढे गेला तसे बाबा आतून म्हणाले, "वाघ्या, अरे आपलेच आहेत." वहिनीने दाराआडून माझा हात दाबला.

सगळं पार पडलं असं आम्हांला वाटलं. चहा होताना पाहुणे कुत्र्याच्या कानामागे खाजवत म्हणाले, "वाघ्या ठेवलंत हे बरं केलंत. मला वाटलं, मोत्याच असेल."

"का बरं?" बाबांनी विचारलं.

"अहो, गावात मला मोत्या म्हणतात. लहानपणी कानात भिकबाळी होती ना. कोणी कुत्र्याला हाक मारली की मी ओ देतो आणि कोणी मला मारली की आळीतली कुत्री गोळा होतात." ते मोठ्याने हसले. दादाही हसला आणि मधेच थांबला.

बाबांची बशी हातातच राहिली. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. कोर्टात उभी हयात गेलेला माणूस. कुत्रा नाव ऐकून तिकडे का धावला, हे त्यांना आता कोणी सांगायला नको होतं. ते पाहुण्यांना एवढंच म्हणाले, "छान नाव आहे. आमच्याकडे हे नाव प्रेमाचं आहे."

पाहुणे अंघोळीला गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. आई समोर असूनही ते आईशी बोलले नाहीत.

"सूनबाई, मला सांगायचं होतंस."

वहिनी उभी राहिली. "तुम्हांला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," बाबा म्हणाले. "आणि तू रोज ऐकत होतीस."

वहिनी पाहुण्यांसाठी पाट मांडू लागली.

"वाघ्या मला सुचेल हे तुला कसं कळलं?"

"देवघर मीच पुसते," वहिनी म्हणाली.

बाबांना हसू आलं. मी त्यांना तिच्याशी बोलताना त्या दिवशी प्रथम पाहिलं. त्यानंतर "तिला म्हणावं" आमच्या घरात कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दारात आला. सामान चढलं, वहिनी सगळ्यांच्या पाया पडली. कुत्रा मागे शेतात कुठेतरी उंडारत होता. बाबांनी त्याला दोन हाका मारल्या, तो आला नाही.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "तू नाहीस तोवर मलाच त्याला जेवायला बोलवावं लागणार. तू हाक कशी मारतेस ती ऐकव एकदा."

सासऱ्यांसमोर, स्वतःच्या वडलांसमोर, चाळीच्या दारादारांत बायका उभ्या असताना मोठ्याने ओरडायचं. वहिनीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मार की."

वहिनीने पदर खांद्यावरून ओढून घेतला, शेताकडे तोंड केलं आणि हाक मारली. मागच्या दारी दबकत म्हणायची ती हाक नव्हे. लांब, खणखणीत, बांधापलीकडे जाणारी. तिच्यात एवढा आवाज आहे हे माझ्याही कल्पनेत नव्हतं. भातातून एक तांबडी रेघ आमच्या दिशेने येऊ लागली.

"असं," बाबा म्हणाले. "शेवटचं अक्षर लांबवायचं. पुन्हा मार, मी तुझ्यामागून म्हणतो."