वाटणीला निघालेली इंजेक्शनं

आमच्या सासूबाईंना वाटून टाकायची भारी खोड. मुरुडला दुष्काळात टँकर यायचा, मी भांडभांड भांडून घागर भरून आणायची आणि ह्या बाई दारात आलेल्या कुणालाही त्यातलं अर्धं पाणी ओतून मोकळ्या! औषधाचंही तेच. आजाऱ्यानं भाकरी मागितली की त्याचं औषध बंद. उरलेल्या गोळ्या गल्लीत ज्याला ताप असेल त्याला. सगळी गल्लीच तसं करायची.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, तेव्हाची गोष्ट. माझ्या लहानग्या लेकीला ताप भरला. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या सासूबाईंनी तिला दिल्या. ताप उतरला आणि पुन्हा दुपटीनं चढला. मान लाकडासारखी ताठ झाली, उजेड सोसेना, मला ओळखेना. तशीच उचलून एसटीनं लातूर गाठलं. दवाखान्यावर ‘जिल्हा’ लिहिलेली पाटी नवीकोरी होती, आतल्या खाटा मात्र जुन्याच.

डॉक्टरांनी तिच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. मेंदूज्वर निघाला. नेहमीची इंजेक्शनं सुरू केली, पण पोर डोळेच उघडेना.

“जंतू या औषधाला दाद देत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “लोक अर्धवट गोळ्या घेतात, त्यानं जंतू निगरगट्ट होऊन बसतात. आता दुसरं औषध पाहिजे.”

ते लातुरात मिळेना. आमचे हे नांदेडला गेले आणि सगळी इंजेक्शनं पिशवीतून घेऊन आले. “वाचली तरी कान जाऊ शकतात,” असंही डॉक्टरांनी सांगून ठेवलं. मला त्यांचाच राग आला. असं कुणी आईला तोंडावर सांगतं का?

पण नवं औषध लागू पडलं. ताप उतरला, आणि एका सकाळी लेक आपणहून म्हणाली, “भाकरी.” मी हरखून तिला हाका मारल्या. एकीला ओ दिली नाही. सुया टोचलेला हात कवटाळून, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. डॉक्टरांचं ते कानाचं बोलणं आठवलं.

तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीला हात घातला. समोरच्या खाटेवर औशाच्या एका बाईचं लेकरू होतं. त्यालाही हाच आजार, आणि त्यालाही जुनं औषध लागू पडत नव्हतं.

“आपलीनं भाकरी मागितली,” सासूबाई म्हणाल्या. “उरलेली त्या लेकराला देऊ. लई तडफडायलंय.”

“आत्याबाई, हात लावू नका!” मी अशी ओरडले की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. औशाच्या बाईनं मान खाली घातली.

डॉक्टर आले. म्हणाले, “आजी, हे पाणी नाही वाटून प्यायला. बरं वाटलं तरी आत जंतू उरलेले असतात. हिचं अर्ध्यात थांबवलं तर ते पुन्हा उठतील, आणि मग हे औषधही चालायचं नाही.”

“मग त्या लेकरानं काय करावं?”

डॉक्टरांनी पिशवीतली इंजेक्शनं मोजली. “आज त्याला यातली देतो. पण हिची संपायच्या आत भरून निघाली पाहिजेत. एकही चुकवायचं नाही.” आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

खरं सांगते, नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण ती बाई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मी म्हणाले, “द्या.”

“ऊठ, नांदेडची गाडी धर,” सासूबाईंनी लेकाला फर्मान सोडलं. बिचाऱ्यांनी नुकत्याच मुरुडहून येऊन चपला काढल्या होत्या. ते येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पण वेळेत आले, वर तिकडची नावाजलेली अर्धापुरी केळीही घेऊन! दोन्ही खाटांपाशी बसलेल्यांनी मिळून खाल्ली. तिकडचं लेकरूही हळूहळू डोळे उघडायला लागलं.

शेवटच्या इंजेक्शनाचा दिवस आला. लेक पाठमोरी, भिंतीचे पोपडे काढत बसलेली. अजून कुणाच्या हाकेला ओ नव्हती.

सासूबाई माझ्या कानाला लागल्या. “शेवटचं हाय. तिला सांगू नको सुईचं, भोकाड पसरंल.”

“मला सुई न्हाई पायजे!” भिंतीकडून आवाज आला. आणि तिनं खरोखरच भोकाड पसरलं.

“रड गं माय, रड,” सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तिच्याहून मोठ्यानं रडायला लागलो.