काकाजींची बावीस मिनिटं

मी सायकल घेतली ती तब्येतीसाठी नाही, भाऊजींसाठी. म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यासाठी. हे लोक अकोल्याला जुन्या शहरात राहतात. एका दिवाळीत त्यांच्या घराचा जिना चढून मी धापा टाकत खुर्चीत बसलो, तर भाऊजी भरल्या घरात म्हणाले, "साळेबुवा, पुढच्या खेपी खालीच गादी टाकून देऊ काय? की वर यायले ऑटो लावू?" सगळे हसले. मीही हसलो. अमरावतीला परत आल्यावर आठवड्याच्या आत गिअरची सायकल, हेल्मेट आणि बुडाखाली गादी शिवलेली ती आखूड चड्डी, असा सगळा संसार थाटला.

अमरावतीच्या आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपात मी सगळ्यात कच्चा. रविवारी बडनेऱ्याला जायचं, दोन आलूबोंडे खायचे आणि परत यायचं, इतकाच माझा पराक्रम. जानेवारीत दोनशे किलोमीटरची राइड ठरली. अमरावती ते अकोल्याच्या पुढचा एक ढाबा, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा आणि परत, सगळं साडेतेरा तासांत. ग्रुपच्या म्होरक्यानं विचारलं, "याआधी शंभर केले का?" मी बेधडक म्हणालो, "दोनदा." बडनेऱ्याच्या सगळ्या खेपा जोडल्या असत्या तर झालेही असते.

ग्रुपचा एक कायदा होता. नव्या माणसाबरोबर एक जुना माणूस जोडून द्यायचा. जुन्यानं नव्याला रस्त्यात टाकून जायचं नाही. नव्यानं स्वतःच्या तोंडानं "तुम्ही जा" म्हटलं, तरच तो मोकळा. माझ्या वाट्याला काकाजी आले.

काकाजी सासष्ट वर्षांचे. सरकारी वर्कशॉपात बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. अंगानं काडी, पण पायडल मारायला लागले की घड्याळाच्या काट्यासारखे एका लयीत चालायचे. ही राइड वेळेत पुरी करून मेडल घ्यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात होती. दोन वर्षं राहून गेलं होतं, एकदा पावसामुळे, एकदा घरच्या आजारपणामुळे. आणि आता दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची फेब्रुवारीतली तारीख ठरलेली.

"डाक्टर म्हणते, त्याच्यानंतर लांबची सायकल बंद," सकाळी सहाला सुटायच्या आधी ते मला म्हणाले. "म्हणून म्हटलं, एक डाव होऊन जाऊ दे. साडेसातच्या आत इथं याचं, बस. तू घाबरू नको. मी हावो तुह्या मांगं."

ते खरंच मागे होते. मूर्तिजापूरपर्यंत धुकं, दोन्ही बाजूंना तुरीच्या वाळत आलेल्या ओळी, आणि मागून त्यांचा आवाज. "गिअर हलका कर, बापू. पायडल मारून राहिला का कापूस पिंजून राहिला?" "पाणी पी. तहान लागल्यावर पिशीन त उशीर होईन." त्यांच्या जोरावर सव्वाबाराला मी ढाब्यावर पोचलो आणि कार्डावर शिक्का पडला. इतर लोक केव्हाच परत फिरले होते. पण काकाजी खूश होते. आल्या तशा चालीनं गेलो तरी तासभर हातात राहत होता.

तो तास मी खाल्ला. तुपासकट.

"काकाजी," मी म्हणालो, "इथं जुन्या शहरात माझी ताई राहते. नुसतं तोंड दाखवून येऊ. दहा मिनिटं."

त्यांनी कार्ड जपून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बहीण म्हणतं त... दारावरून तसंच जाणं बरं नाई दिसत."

तोंड दाखवण्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला भाऊजींच्या नजरेला चड्डी-हेल्मेटसकट पडायचं होतं. त्यासाठी आदल्या दिवशी मी ताईला फोनही करून ठेवला होता, "सायकलनं येऊन राहिलो, पण काही करू नको." आमच्याकडे बहिणीला "काही करू नको" म्हटलं की ती लगेच डाळ शिजायला टाकते, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीत शिरलो, तर ताई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आत ताटं मांडलेली. पुरणपोळ्यांची चळत, पाटवडीचा रस्सा, वाटीभर तूप. भाऊजी माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "खरंच सायकलनं आले? की पुलापर्यंत ट्रकमधी?"

झालं! मला तेवढंच हवं होतं. मोबाइल काढून मी त्यांना किलोमीटरचा आकडा दाखवला. शेजारच्यांना बोलावून फोटो काढले. वाटेतला एक साधा चढ सांगता सांगता घाटाएवढा केला. तिकडे ताई काकाजींच्या ताटासमोर बसली होती.

"काकाजी, एक पोळी अखीन."

"बाई, सायकल हाकलाची हाय अजून."

"मंग त पाह्यजेच! पहिल्यांदा माह्या घरी आले तुमी. असं अर्ध्या पोटी जाऊ देऊ काय?"

जन्मात कधी वाढणाऱ्या बाईला नाही म्हटलेलं नसावं, असा तो माणूस. "वाढ मंग," म्हणाले. तिसरी पोळी ताटात पडली, तेव्हा त्यांनी डाव्या हातातलं घड्याळ हळूच फिरवून मनगटाच्या आतल्या बाजूला केलं. ताईला वाटू नये की पाहुण्याला घाई आहे, म्हणून. ते मी पाहिलं. पाहून पुन्हा भाऊजींकडे वळलो, कारण गोष्टीतला घाट अजून उतरायचा होता.

निघालो तेव्हा पावणेदोन झाले होते.

पुरणपोळी खाऊन माणसानं लोळावं. मी चार खाऊन सायकलवर बसलो होतो. बोरगाव मंजूच्या पुढे एका लिंबाच्या झाडाखाली सायकल टाकली आणि सगळा पाहुणचार काळ्या जमिनीला परत केला. वर पोटऱ्यांत गोळे. काकाजी स्वतःच्या त्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसून माझे पाय चोळत होते.

"लय झालं काय रे?"

"नाही, नाही. चला."

मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पुढे पन्नास किलोमीटर आणि हातात पावणेतीन तासांच्या वर थोडंसं. काकाजींना एकट्याला हे सहज जमलं असतं. मला जमणार नव्हतं. चहाच्या टपरीवर मी बाकड्यावर पसरलो. ते बसलेच नाहीत. सायकल धरून, एक पाय पायडलवर ठेवून उभे होते. नजर अमरावतीच्या रस्त्याकडे.

"कसं वाटून राहिलं आता?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं एकच उत्तर होतं आणि ते मलाच द्यायचं होतं. काकाजी, तुम्ही जा. मी बसनं येतो, टेम्पोत सायकल टाकून येतो, येतो कसाही. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांसमोर अंधार पडलेला हायवे आला, मागून हॉर्न देत येणारे ट्रक आले आणि टेम्पोतून उतरताना मला पाहणारा अख्खा ग्रुप आला.

"बरं आहे," मी म्हणालो. "तुम्ही सोबत आहात ना."

"हावो ना," ते म्हणाले, आणि पायडलवरचा पाय खाली घेतला.

पुढचे पन्नास किलोमीटर ते माझ्या मागे दिवा लावून चालत राहिले. एकदाही गिअरबद्दल बोलले नाहीत. अमरावतीला पोचलो तेव्हा सात बावन्न झाले होते. टेबल अजून मांडलेलं होतं, मेडलांचा खोका बांधून झाला होता. म्होरक्यानं कार्ड हातात घेतलं आणि कसनुसा चेहरा केला. "काकाजी, बावीस मिनिटं! काय झालं?"

"काही नाई," काकाजी म्हणाले. "माह्या गुडघ्यानं दगा देल्ला. हा बिचारा थांबला माह्यासाठी."

सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली. मी मान खाली घातली, त्यालाही लोक नम्रपणा समजले. तेव्हाही बोलता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. एरवी गावभर बडबडणारा मी, त्या दिवशी माझी जीभ दोनदा नको तिथे शहाणी झाली.

ऑपरेशन नीट झालं. मी त्यांना भेटायला गेलो तो सगळं कबूल करायचं ठरवून. काकाजी पलंगावर पाय लांब करून बसले होते आणि काकूंना सांगत होते, "याच्या बहिणीच्या हातचं पुरण म्हंजे, काय सांगू तुले!" कबुली राहिली, चहा पिऊन आलो.

गेल्या हिवाळ्यात मी तीच राइड वेळेत पुरी केली. मेडल कपाटात स्वेटरांच्या खाली आहे. घरात कुणाला काढू देत नाही. भाऊजींनाही सांगितलेलं नाही, यावरून काय ते समजा.

काकाजी आता काठीशिवाय चालतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो आणि इकडचं तिकडचं झालं की ते विचारतातच, "काहून रे, झाले का तुहे दोनशे?"

"नाही काकाजी. अजून नाही."

"होते, होते. दम हाय तुह्यात. मी पाह्यला ना त्या दिवशी."

मी हो म्हणतो.