कार्डावरची सही

शर्टाचं बटण तीनदा ओढून बघायचं आणि मगच शर्ट पुढे सरकवायचा, हे काम मावशींनी कपड्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं केलं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्या बेचाळिशीच्या होत्या. लग्न झालेलं नव्हतं, घरात म्हातारे वडील. रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संगणकाच्या वर्गात निम्म्या वयाच्या पोरींशेजारी जाऊन बसल्या, दिसेल ते टिपून घेतलं आणि वेबसाइट तपासणाऱ्या टेस्टर झाल्या.

ऑफिसात तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणत आणि पाठीमागे 'ब्रेक'. हे दुसरं नाव पडलं वर्षापूर्वी. एक साइट लोकांसाठी खुली व्हायची होती, त्याच दिवशी मावशींनी "तारखा चुकतायत" म्हणून सगळं थांबवलं. नऊ माणसं दिवसभर डोकं खाजवत बसली. संध्याकाळी उलगडा झाला, की मावशींच्याच संगणकाचं घड्याळ एक दिवस मागे होतं. कोणी रागावलं नाही. सगळे हसले, आणि मावशींना ते हसणंच जास्त लागलं. तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्या दहादा विचार करत.

आता इथली कामाची रीत सांगायला हवी. सगळं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चाले. त्याला स्प्रिंट म्हणत. प्रत्येक लहान कामाचं एक कार्ड भिंतीवरच्या फळ्यावर लागे आणि 'करायचं', 'चालू', 'तपासणी' असं सरकत शेवटी 'झालं'मध्ये जाई. त्या शेवटच्या रकान्यात जायला कार्डाच्या कोपऱ्यात मावशींची सही लागे. टीमच्या प्रमुखाने केलेला हा नियम तो स्वतःही मोडत नसे.

या वेळचं काम डायलिसिसच्या रुग्णांसाठी होतं. खुर्च्या मोजक्या, रुग्ण ढीगभर. रुग्णाने फोनवरून आपली वेळ नक्की करायची; त्याने ती रद्द केली की खुर्ची लगेच दुसऱ्याला. शुक्रवारी ते कार्ड तपासणीत आलं. संगणक आपला आपण ज्या चाचण्या चालवतो, त्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास दिसत होत्या. प्रोग्रामर खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"मावशी, सगळं हिरवंगार आहे. आता आणखी काय बघायचंय?"

मावशींना ते साध्या फोनवर, स्वतःच्या हाताने तासभर वापरून बघायचं होतं. पण 'आली ब्रेक लावायला' हे त्याच्या चेहऱ्यावर त्यांना आधीच दिसलं. त्यांनी सही करून टाकली. शनिवारी एका डायलिसिस केंद्रात साइट सुरू झाली. बाकीच्या चाळीस केंद्रांत ती मंगळवारी अकरा वाजता सुरू व्हायची होती. मधले दोन दिवस मावशींचं कशात लक्ष लागलं नाही. भाजी करपली, वडिलांनी ती मुकाट्याने खाल्ली.

मंगळवारी सकाळी वडील फोनवर बातम्या लावत होते. त्यांचा हात कापतो. बोट टेकलं, बातम्या सुरू झाल्या. उचलता उचलता बोट पुन्हा टेकलं आणि बातम्या बंद.

"हा फोन माझ्यावर दात धरून आहे बघ," वडील म्हणाले.

मावशींना शुक्रवारचं कार्ड आठवलं. साइटवर 'नक्की करा' दाबलं, की त्याच जागी 'रद्द करा' येत होतं. आणि ती वापरणार होते आजारी, थकलेले, म्हातारे लोक. चहा तसाच टाकून त्या निघाल्या. बसमध्ये त्यांनी तीनदा ठरवलं की बोलायचं, आणि तीनदा ठरवलं की आधी गुपचूप बघू, मग बोलू. गुपचूप बघायला वेळ मिळालाच नाही. त्या पोचल्या तेव्हा सगळे फळ्यासमोर गोल करून उभे होते. रोज साडेनऊला असंच उभ्याने बोलायचं असे: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.

मावशींची पाळी आली. "शुक्रवारचं कार्ड मी हाताने तपासलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसती सही केली."

कोणी तरी हळूच 'ब्रेक' म्हणालं. प्रमुखाने घड्याळाकडे पाहिलं. "नेमकी शंका काय आहे, मावशी?"

त्यांनी सांगितलं. प्रोग्रामर हसला. "दोनदा दाबणं मी अडवलंय हो. हे बघा." त्याने टकटक दाबलं. वेळ नक्की झाली, रद्द झाली नाही. पुन्हा दाबलं, तेच. फोन मावशींच्या हातात आला. त्यांनीही दाबून पाहिलं, सगळं बिनचूक. त्यांना आपल्या संगणकाचं ते घड्याळ आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता भीतीने त्यांचा हात खरोखरच कापायला लागला. 'शेवटचं एकदा' म्हणून त्यांनी बोट ठेवलं, उचललं, आणि ते थरथरत परत टेकलं.

पडद्यावर आलं: तुमची वेळ रद्द झाली आहे.

प्रोग्रामरचं हसू मावळलं. त्याने घातलेला अडसर अर्ध्या सेकंदाचा होता. धडधाकट माणूस दोनदा दाबतो ते त्याच्या आत. कापऱ्या हाताला त्याहून जास्त वेळ लागतो.

"अकराचं रद्द," प्रमुख म्हणाला. "शनिवारपासून असं किती जणांचं झालंय, बघ."

नक्की केल्यावर दोन सेकंदांत रद्द झालेल्या वेळा चार निघाल्या. तिघांनी ताबडतोब दुसरी वेळ घेतली होती. चौथी वेळ आजची होती, सकाळी नऊची.

प्रमुखाने स्पीकर लावून केंद्राला फोन केला. "एक आजी आल्यात," तिथली नर्स म्हणाली. "पण त्यांचं नाव यादीत नाही. त्यांनीच रद्द केलंय. खुर्ची दिली आम्ही दुसऱ्याला. बाकावर बसल्यात त्या."

"त्यांना देता का फोन?" मावशी म्हणाल्या. आपण हे विचारलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"हॅलो," पलीकडून थकलेला आवाज आला. "अहो, माझंच काही तरी चुकलं असणार. मला या फोनातलं कळत नाही. मुलगा म्हणालाच होता, तू हात लावू नकोस."

"नाही आजी. तुम्ही बरोबरच दाबलं होतं. चूक माझी आहे. मी तपासायला हवं होतं, आणि मी तपासलं नाही."

हे सगळं आजींना कितपत कळलं, कोण जाणे.

"बरं," आजी म्हणाल्या. "मग आज मिळेल का हो खुर्ची? पाय फार सुजलेत."

पलीकडून नर्सचाच आवाज आला, की दोन वाजता एक खुर्ची रिकामी होईल, बसवतो त्यांना.

"दोनला मिळेल, आजी," मावशी कशाबशा म्हणाल्या. "अजून चार तास आहेत."

"बसते मी तोवर," आजी म्हणाल्या. "तुमचा आवाज किती कापतोय, बाई. तुम्ही नका काळजी करू."