पाखरानं खाल्लेला मणी

त्या बाईनं मला फसवलं. मी पंचवटीतल्या माझ्या खोलीत मोबाइलला लटकवायचे रेझिनचे द्राक्षघड ओतायचो आणि गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात विकायचो. पहिल्या मातीच्या घडावरून रबरी साचा घेताना एक मणी गळाला, तेव्हापासून माझ्या प्रत्येक घडात तिथे खळगा. कोणी विचारलं की मी सांगायचो, "तो पाखरानं खाल्ला."

ती आली तेव्हा चष्मा कपाळावर चढवलेला होता. तिनं घड उलटा केला, कडेवरून नख फिरवलं, उन्हात धरला आणि सांगितला तेवढा भाव देऊन गेली. घासाघीस न करता! जन्मभर भाव करत वर आलेला मी. तिथेच ओळखायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी घाटाच्या दुसऱ्या टोकाला तीच बाई बसलेली आणि समोर माझेच घड. तोच वाकडा देठ. मी ओरडलो, "माझ्या घडावरून साचा घेतला की नाही?"

"घेतला ना, भाऊ," ती म्हणाली. "पण आधी मेणाचा मणी बसवला. तुमचं पाखरू माझ्याकडे येत नाही."

आजूबाजूचे सगळे हसले.

आता गिऱ्हाईकं माझा घड बघून म्हणतात, "ही नक्कल आहे. अख्खा घड पलीकडे मिळतो." देठ मी वळवला, पहिला साचा मी घेतला, आणि नकली मीच? याचा जबाब त्या बाईनं द्यावा. भर बाजारात, चष्मा डोळ्यांवर घेऊन.