आपाचे मिटलेले डोळे

हे मी संघटनेत कुणाला सांगितलेलं नाही. घरी तर नाहीच. भोंग्यावर गळा फाडून दुसऱ्यांची पापं मोजतो मी — आपलं हे एक मात्र गिळून बसलोय.

अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेंदूचे संकेत टिपणारी टोपी बनत होती. अकोल्याची रुबीना आपा ती घालून बघायची. जरीकाम करणारी बाई. पक्षाघाताच्या झटक्यात अंग गेलं, वाचा गेली, उरल्या पापण्या — हो-नाहीपुरत्या. टोपी घातली की समोरच्या पडद्यावर अक्षरं लुकलुकायची. हवं ते आलं की मेंदू ओळखीचा संकेत द्यायचा, टोपी तो टिपायची, अक्षर उमटायचं.

मेंदूतली माहिती उद्या कंपनीच्या हाती जाईल, हा आमचा आक्षेप. तो खरा होता, आजही आहे. पण नुसत्या आक्षेपावर मोर्चा निघतो का? पत्रकाला बळी लागतो — एक फोटो, एक किंकाळी. हेच शिकलो होतो.

बळी शोधायला आपाच्या घरी गेलो. डोक्याला तेल असलं की संकेत नीट येत नाहीत, म्हणून तिचे केस धुतलेले. टोपीखालून चिकट जेल कपाळावर ओघळत होतं. मला बघून तिनं अक्षरं निवडायला घेतली. किती वेळ लागला! उमटलं — चा द्या.

तिचा भाऊ सलीमभाई खो-खो हसला. "देखो भाऊ, एवढी मशीन आणली, अन् आपाले सांगाचं काय हाय? पावण्याले चा द्या!"

चहा प्यायलो. आपा दमली, डोळे मिटले — तेव्हा फोटो काढला. पत्रकात लिहिलं, 'बेशुद्ध महिलेच्या मेंदूवर प्रयोग! संमती कुणाची?' संमती? तिला मीच विचारलं होतं, मर्जीनं करता का; पापणी 'हो' म्हणून लवली होती. फोटोतला पडदा मी कापला. त्यावर 'चा द्या' तसंच होतं.

कॉलेज घाबरलं. प्रयोग बंद, टोपी परत. आम्ही चौकात फटाके फोडले.

पत्रकाखाली नाव नव्हतं — 'जागरूक नागरिक', एवढंच. सलीमभाईला सांगितलं, मी काढलेला फोटो संघटनेच्या ग्रुपवरून कुणीतरी उचलला. त्यानं मानलं. वर म्हणाला, "भाऊ, तुमची कलम जोरदार हाय. टोपी परत द्या म्हून एक पत्रक लिहा ना आपासाठी." हो म्हटलं. लिहिलं नाही — लिहायचं तर पहिलं खोटं होतं, हे लिहावं लागलं असतं.

अजून अकोल्याला गेलो की तो चहा देतो. आपा बघत असते. तिला कळलंय का? पापणीनं फक्त विचारलेल्याचं उत्तर देता येतं. मी विचारलेलं नाही.