न दुखणारं दुखणं

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात एक स्टेंट बसवला. त्यानंतर छातीत एकदाही कळ आली नव्हती, त्यामुळे माजिवड्याच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीसाठी ट्रेडमिलवर चढलो तेव्हा मी अगदी मजेत होतो. तपासणी करणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. चष्मा नाकाच्या टोकावर, नजर पडद्यावरच्या ईसीजीच्या रेघांवर आणि एक हात सतत मशीनच्या बटणापाशी.

"काका, छातीत काही वाटतंय?"

"छे! अजून दहा मिनिटं पळवा."

तेवढ्यात त्यांनी बॉलपेनचं टोक पडद्यावर टेकवलं आणि जवळजवळ ओरडल्याच, "डॉक्टर, हे बघा, रेघ खाली बसली!"

मशीन थांबवून मला झोपवलं. बाईंचा चेहरा मात्र फुललेला.

"एवढा आनंद कसला झालाय हो तुम्हाला?" मी चिडून विचारलं.

"काका, दुखलं की माणूस आपणहून येतो. तुमच्या हृदयाला रक्त कमी पडतंय आणि ते तुम्हाला सांगतच नाहीये. असं काही सापडलं ना, की वाटतं, वेळेत गाठलं!"

अँजिओग्राफीत दुसरी एक रक्तवाहिनी जवळपास बंद निघाली. डॉक्टरांनी ती उघडली. महिन्याभराने मी पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढा हातात धरूनच विचारलं, "ॲडमिट होईपर्यंत एकदा तरी दुखलं का?"

"एकदाही नाही."

"बघा!" म्हणत त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. वयाच्या पासष्टीत मी, सगळ्या पेशंटांसमोर, ती खणखणीत दिली.